ग्रँड पोर्टेजची फर वखार: मिनेसोटातून गाडीने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मिनीॲपोलिसला नवीन आलेली मराठी कुटुंबं पहिल्या उन्हाळ्यात हमखास डुलुथला जातात. तलाव बघतात, जहाज जाताना उचलला जाणारा पूल बघतात आणि परत फिरतात. त्यांना मी दर वेळी एकच सांगते: एक मुक्काम वाढवा आणि हायवे ६१ संपेपर्यंत जा. रस्ता संपायच्या जरा आधी, सुपीरियर सरोवराच्या काठावर, ग्रँड पोर्टेज आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी उत्तर अमेरिकेतल्या फरच्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापाराचं हे मोठं ठाणं होतं. आज तिथे त्या काळच्या इमारती जुन्या पायांवर पुन्हा उभ्या केल्या आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

नकाशावर किंवा बोलण्यात कुणी ‘फोर्ट’ म्हणालं, तर डोळ्यांसमोर रायगड-प्रतापगड आणू नका. इथे बुरूज नाहीत, तोफांची रांग नाही. देवदाराच्या टोकदार खांबांचं कुंपण आहे, तेही मालाची चोरी होऊ नये म्हणून. याला आपल्याकडे अचूक शब्द आहे: वखार. राजापूरची, सुरतेची इंग्रजांची वखार आपण शाळेच्या इतिहासात वाचली. ही तशीच, फक्त माल वेगळा. वखार बघायला जायचंय हे मनात ठेवून गेलात तर निराशा होणार नाही, आणि काय बघायचं तेही लवकर कळेल.

कधी जायचं

मे महिन्याच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वखारीच्या इमारती याच काळात उघड्या असतात आणि त्या काळचे कपडे घातलेली माणसं तिथे कामं करताना दिसतात. हेरिटेज सेंटर, म्हणजे संग्रहालयाची इमारत, इतर महिन्यांतही उघडी असते. पण हिवाळ्यात एवढ्या लांब फक्त तेवढ्यासाठी जाऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या.

माझा कौल ऑगस्टचा दुसरा शनिवार-रविवार, किंवा मग सप्टेंबर. ऑगस्टच्या त्या दोन-तीन दिवसांत ‘रांदेव्हू डेज’ असतात. जुन्या व्यापाराचा सोहळा करायला लांबून लोक येतात, तंबू पडतात, आणि त्याच वेळी तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांचा पाऊवाव, म्हणजे ढोल आणि नाचांचा पारंपरिक मेळावा, असतो. राहायची जागा मात्र कित्येक महिने आधी धरावी लागते. सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरते, मेपलची पानं रंग बदलू लागतात, आणि महत्त्वाचं म्हणजे डास कमी होतात. जूनमध्ये गेलात तर काळ्या माश्या चावतात. त्या डासासारख्या टोचत नाहीत, कातडी कापतात. लहान मुलं असतील तर जून टाळाच.

रस्ता आणि मुक्काम

मिनीॲपोलिस ते डुलुथ सुमारे १५५ मैल, डुलुथ ते ग्रँड पोर्टेज आणखी सुमारे १४५. नुसती गाडी चालवली तर साडेपाच तासांत पोचाल, पण डुलुथच्या पुढचा रस्ता नुसता चालवण्यासारखा नाही. उजवीकडे सरोवर, डावीकडे डोंगर, मध्ये गूजबेरी फॉल्स, स्प्लिट रॉकचं १९१० सालचं दीपगृह. एका दिवसात जाऊन परत यायचा विचार करू नका. मी पहिल्यांदा तोच केला आणि वखारीत पोचले तेव्हा बंद व्हायला पाऊण तास राहिला होता. आई-बाबा भारतातून आले तेव्हा दोन मुक्काम ठेवले, तेव्हा कुठे नीट बघून झालं.

मुक्कामाला ग्रँड मराय हे गाव सोयीचं. तिथून वखार ३६ मैलांवर, पाऊण तासात पोचता. ग्रँड पोर्टेजमध्येच राहायचं असेल तर ओजिब्वे बँडचं (त्यांच्या इथल्या जमातीचं) स्वतःचं लॉज आहे. पेट्रोल ग्रँड मरायला भरून घ्या. तिन्हीसांजेनंतर या रस्त्यावर हरणं आणि कधी मूस हे मोठं सांबरासारखं जनावरही येतं, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्कामावर पोचायचं असा नियमच करा. आणखी एक: फोन कॅनडाचा टॉवर पकडतो. रोमिंग बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कागदपत्रं, हे मनावर घ्या

वखार अमेरिकेतच आहे, त्यामुळे तिथे जायला व्हिसाचा प्रश्न येत नाही. पण सरहद्द तिथून जेमतेम सहा मैलांवर आहे. ग्रीन कार्ड असेल तर ते, नाहीतर पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत जवळ ठेवा. फोनमधला फोटो नको, कार्ड आणि पासपोर्ट मूळच हवेत.

त्याहून मोठी काळजी हायवे ६१ च्या शेवटाची. धबधबा बघायला ग्रँड पोर्टेज स्टेट पार्कला जाल तेव्हा पार्कचं वळण डाव्या हाताला, कॅनडाच्या नाक्याच्या अगदी अलीकडे आहे. गप्पांच्या नादात ते चुकलं तर पुढे पिजन नदीचा पूल आणि पलीकडे कॅनडा. भारतीय पासपोर्ट, कॅनडाचा व्हिसा नाही, अमेरिकेचा शिक्का संपलेला, अशी परिस्थिती असेल तर ते वळण चुकवणं परवडणारं नाही. शेजारी बसलेल्याला पाटीवर लक्ष ठेवायला सांगा.

डबा

शाकाहारी असाल तर डबा घेऊनच निघा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या नेतो. दशमी दोन दिवस टिकते, गरम करावी लागत नाही. सरोवराचा वारा जुलैतही अंगावर काटा आणतो, म्हणून थर्मासमध्ये चहा आणि प्रत्येकाला एक स्वेटर. डुलुथला ऊन होतं म्हणून स्वेटर गाडीतच ठेवला, असं करू नका.

आता वखार. सुरुवात कुठून करायची?

हायवेवरून सरोवराच्या बाजूला, उजवीकडे वळलात की हेरिटेज सेंटर लागतं. सगळ्यांचे पाय आधी त्या लाकडी कुंपणाकडे ओढ घेतात. तसं करू नका. आधी हेरिटेज सेंटरमध्ये पाऊण तास द्या, तिथली फिल्म बघा. मुलांना ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. ती हातात असली की मुलं स्वतःहून प्रश्न विचारत फिरतात.

तिथे एक गोष्ट समजून घ्यायची. ही जमीन ओजिब्वे लोकांची आहे. त्यांच्या भाषेत या जागेला गिची ओनिगामिंग म्हणतात: मोठी वाहून न्यायची जागा. व्यापारी येण्याच्या कितीतरी आधीपासून ही वाट त्यांच्या पायाखालची. ‘ग्रँड पोर्टेज’ हे फ्रेंच नाव त्याच अर्थाचं. आजही ही जागा ग्रँड पोर्टेज बँडच्या राखीव भूमीत आहे. १९५८ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं तेव्हा बँडने स्वतःची जमीन त्यासाठी दिली, आणि आज पार्क सर्व्हिस आणि बँड मिळून ते चालवतात. १९३०च्या दशकात जुन्या खांबांचे अवशेष खणून काढणारे आणि कुंपण, मोठं दालन पुन्हा उभं करणारे मजूरही ओजिब्वेच होते. म्हणून तिथल्या माणसांशी बोलताना ‘पूर्वी इथे राहणारे लोक’ असं म्हणू नका. ते आजही इथेच राहतात. कदाचित तुम्ही ज्यांच्याशी बोलताय ते त्यांच्यापैकीच असतील.

याच कारणासाठी कुंपणाच्या आत शिरण्याआधी बाहेरची ओजिब्वे वस्ती बघा. बर्चच्या सालीने मढवलेली घरं आहेत. साल हाताला कागदासारखी लागते पण पाणी आत येऊ देत नाही. याच सालीची होडी व्हायची. देवदाराच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळ्या चिरून काढलेला दोरा, आणि शिवणीवर स्प्रूसचा डिंक चरबीत कालवून लावलेला. हे ज्ञान ओजिब्वेंचं होतं. साल शिवायची, डिंक लावायचा, मेपलची साखर काढायची, ही बरीचशी कामं बायका करत. होड्या, बर्फात चालायचे बूट, मासे, मका, मनोमिन म्हणजे जंगली तांदूळ, हे सगळं या लोकांनी पुरवलं म्हणून कंपनीचा व्यापार चालला. हे आधी बघितलं की आतल्या दालनातली चिनीमातीची भांडी योग्य उजेडात दिसतात.

कुंपणाच्या आत

नॉर्थ वेस्ट कंपनीचं हे मुख्य ठाणं साधारण १७८४ पासून १८०३ पर्यंत होतं. कंपनी माँट्रियलची, मालक बहुतेक स्कॉटिश, होड्या वल्हवणारे बहुतेक फ्रेंच कॅनेडियन, त्यांना व्होयाजर म्हणायचे. वखार नेमकी इथेच का, हे समजलं की बाकीचं सोपं होतं. नद्या आणि सरोवरं गोठलेली नसतात तो काळ तोकडा. माँट्रियलहून निघून दूर वायव्येला फर गोळा करायला जायचं आणि त्याच उन्हाळ्यात परतायचं, हे एका तुकडीला शक्य नव्हतं. म्हणून दोन तुकड्या. मेमध्ये माँट्रियलहून ३६ फुटी मोठ्या होड्या माल घेऊन निघत आणि जुलैच्या सुमाराला इथे पोचत. आतल्या प्रदेशात हिवाळा काढलेले लोक २५ फुटी होड्यांतून फर घेऊन येत. इथे मालाची अदलाबदल, हिशेब, मेजवानी, आणि बर्फ पडायच्या आत दोघंही आपापल्या वाटेने परत. या भेटीला रांदेव्हू म्हणत.

हिवाळा आत काढणाऱ्यांना मोठा मान. माँट्रियलवाल्यांना ते ‘डुकराची चरबी खाणारे’ म्हणून चिडवत, कारण वाटेत त्यांचं जेवण म्हणजे मका आणि चरबी यांची उकड.

मोठ्या दालनात, ग्रेट हॉलमध्ये, लांब टेबलं मांडलेली असतात. कंपनीचे भागीदार इथे जेवत आणि सभा भरवत. अलेक्झांडर मॅकेन्झी, जो १७९३ मध्ये खंड ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत पोचला, तो याच कंपनीचा भागीदार. होडी वल्हवणाऱ्यांना मात्र आत जागा नव्हती. ते कुंपणाबाहेर, उलट्या केलेल्या होडीखाली झोपत. सध्याची इमारत १९७०च्या दशकातली आहे, कारण आधी उभारलेली इमारत १९६९ मध्ये वीज पडून जळाली.

इथे घाई करू नका. बीव्हरचं कातडं हातात घ्यायला मिळतं, ते घ्या. (बीव्हर म्हणजे आपलं पाणमांजर नव्हे. झाडं कुरतडून बांध घालणारा, सपाट शेपटीचा हा वेगळा प्राणी.) वरून केस राठ लागतात. बोटांनी केस बाजूला करा. खाली करड्या, अगदी दाट लवीचा थर आहे, बोट रुतेल इतका. या व्यापाराचा मोठा भाग या खालच्या लवीसाठी होता. तिच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे असतात. वाफ आणि दाब दिला की ते एकमेकांत अडकतात आणि घट्ट नमदा तयार होतो. त्याची हॅट पावसातही आकार सोडत नसे. युरोपातल्या हॅटसाठी या खंडभर बीव्हर मारले गेले. पुढे रेशमी हॅट आल्या आणि मागणी बसली. शेजारच्या हॅट डोक्यावर घालून बघा, मुलांचे फोटो काढा, पण त्या कातड्याला हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बदल्यात काय दिलं जाई तेही मांडलेलं दिसेल: लोकरीची कांबळी, पितळी भांडी, कुऱ्हाडी, बंदुका, मणी, सुती कापड. त्या काळचे कपडे घातलेल्या माणसांना प्रश्न विचारा. ते त्यासाठीच तिथे असतात आणि विचारलं की खुलतात. ‘तुम्ही कोणाचं काम करताय?’ एवढ्याने सुरुवात पुरते. मागच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असेल तर आई-सासूबाईंना तिथे थोडा वेळ बसवा. आमच्या आईने भाषा येत नसताना बोटांनी विचारून मक्याला राख लावून साल कशी काढतात ते समजून घेतलं.

होड्यांची कोठार-इमारत शेवटी बघा. ३६ फुटी होडी शेजारी उभं राहून बघितल्याशिवाय तिचा अंदाज येत नाही. सुमारे चार टन वजन घेऊन जाणारी वस्तू, आणि तिला एकही खिळा नाही.

वाटेवर चाला. हे चुकवू नका

बहुतेक लोक इमारती बघून गाडीत बसतात. माझ्या मते मग खरं ते राहूनच गेलं, कारण ही जागा त्या वाटेसाठी आहे. पिजन नदी सरोवराला मिळते त्याआधीचे वीस मैल धबधबे आणि खळाळ आहेत, होडी जाऊच शकत नाही. म्हणून सगळा माल जंगलातून साडेआठ मैल, म्हणजे १३.७ किलोमीटर, पाठीवर न्यायचा. पलीकडच्या टोकाला फोर्ट शार्लट नावाचं छोटं ठाणं होतं.

माल ९० पौंडांच्या, म्हणजे ४१ किलोंच्या गठ्ठ्यांत बांधत. एका वेळी दोन गठ्ठे, ८२ किलो. आपले हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून ओझं घेतात. इथे रुंद चामडी पट्टा कपाळाला लावायचा आणि ओझं कमरेच्या वर पाठीवर. माँट्रियलहून आलेल्या प्रत्येकाला असे आठ गठ्ठे पलीकडे पोचवायचे असत. दोन-दोन धरले तर चार खेपा. जाऊन-येऊन ११० किलोमीटर. अंतर मैलांत मोजत नसत, विश्रांतीच्या थांब्यांत मोजत. त्या थांब्याला ‘पोझ’ म्हणायचे, आणि या वाटेवर सोळा पोझ होते.

आम्ही काय केलं ते सांगते, तुम्हीही करून बघा. पाण्याच्या बाटल्या भरून एक पिशवी नऊ किलोंची केली, आईची सुती ओढणी तिला बांधली आणि मधला रुंद भाग कपाळावर घेतला. पहिली पन्नास पावलं सोपी वाटतात. मग मान आपोआप पुढे झुकते, नजर पायांच्या चार फूट पुढे खिळते, आणि लक्षात येतं की या स्थितीत वर आकाशाकडे बघताच येत नाही. दीडशे पावलांवर मी पिशवी उतरवली. ते लोक याच्या नऊपट ओझं घेऊन अर्धा मैल एका दमात जात. मुलांना हे दोन-तीन किलोंवरच करू द्या, आणि मानेचं दुखणं असलेल्यांनी अजिबात नको.

चालायचं किती? वृद्ध आणि लहान मुलं असतील तर अर्धा तास आत, अर्धा तास परत. वाट पुढे हायवे ६१ ओलांडते, तिथे मुलांचा हात धरा. पूर्ण वाट जाऊन-येऊन सतरा मैल होते, पुढे दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत. हे सकाळी लवकर निघणाऱ्या, चालायची सवय असलेल्यांचं काम. लांब बाह्या, फुल पँट, डासांचं औषध, आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी.

चालायला कंटाळणाऱ्यांसाठी माउंट रोजची पायवाट आहे. अर्ध्या मैलात तीनशे फूट चढ, पण वरून कुंपण, गोदी आणि उपसागर एका नजरेत येतो. गुडघे दुखत असतील तर ती सोडा.

दोन ठिकाणी जपून

पाऊवाव हा करमणुकीचा कार्यक्रम नाही. ग्रँड एंट्रीच्या, म्हणजे सगळे नाचणारे रिंगणात येतात त्या, वेळी उभं राहायचं, टोपी काढायची. निवेदक ‘फोटो नको’ म्हणाला की फोन खिशात. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला हात लावायचा नाही, आणि त्याला ‘कॉस्च्युम’ म्हणायचं नाही. आपल्या देवळातल्या मूर्तीला कुणी येऊन तसा हात लावला तर आपल्याला कसं वाटेल, एवढं मुलांना सांगितलं की पुरतं.

दुसरं, काठावरच्या खडकातून उगवलेलं एक देवदाराचं जुनं झाड. तीनशे वर्षांहून जुनं, ओजिब्वेंसाठी पवित्र. इंटरनेटवर त्याचे फोटो बघून लोक शोधत जातात. बँडच्या माणसाच्या सोबतीशिवाय तिथे जायची परवानगी नाही, आणि ती मोडू नये.

काही विकत घ्यायचं असेल तर हाताने झोडपून काढलेला, लाकडाच्या आचेवर भाजलेला जंगली तांदूळ घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं बघा. दुकानात मिळणारा काळा चकचकीत तांदूळ शेतात लावलेला असतो आणि शिजायला जास्त वेळ घेतो. खरा तांदूळ तपकिरी, फिकट-गडद मिसळलेला असतो. जिरं-मिरचीची फोडणी देऊन, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घालून छान लागतो.

पुढे कॅनडात जायचं का?

१७८३ च्या अमेरिका-ब्रिटन तहात ही जागा अमेरिकेच्या बाजूला गेली. अमेरिकन जकातीच्या धास्तीने कंपनीने १८०३ मध्ये ठाणं उत्तरेला कामिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशी हलवलं, त्याचंच पुढे फोर्ट विल्यम झालं. आजच्या थंडर बेमध्ये त्याची प्रतिकृती आहे, चाळीसच्या वर इमारती, बघायला पूर्ण दिवस हवा. ती मूळ जागेवर नाही, नदीच्या वरच्या अंगाला बांधली आहे. कागदपत्रं पक्की असतील तर जरूर जा. एच-१बी वर असाल तर आधी कंपनीच्या वकिलाला विचारा. तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं, संध्याकाळी निघताना हे लक्षात ठेवा.

नसेल जायचं, तर दिवसाचा शेवट हाय फॉल्सला करा. स्टेट पार्कपासून अर्धा मैल पक्की, सपाट वाट आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते. पिजन नदी इथे १२० फूट खाली कोसळते. पलीकडचा काठ कॅनडाचा. बाबा सकाळपासून विचारत होते की एवढी नदी असताना हे लोक माल पाठीवर का न्यायचे. कठड्याशी उभं राहिल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही; थर्मासमधला उरलेला चहा काढला, आणि उजेड असेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.